भाषणं ऐकून लिहायला कसं शिकायचं? नव्याने लिहिणाऱ्यांसाठी स्टेप बाय स्टेप

ज्यांनी नुकतंच लिहायला घेतलंय, मग ती फेसबुकवरची मोठी पोस्ट असो, दिवाळी अंकाला पाठवायचा लेख असो नाहीतर सोसायटीची नोटीस, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भरपूर वाचा असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण ऐका असं फारसं कोणी सांगत नाही. हजार माणसांपुढे उभं राहून बोलणाऱ्याला एक गोष्ट रोखठोक कळते, समोरचा कधी कंटाळला ती. मागच्या रांगेतले उठायला लागतात, बायका आपसात बोलायला लागतात, त्याला दिसतं आणि तो तिथल्या तिथे गाडी वळवतो. आपण लिहिताना एकटे असतो, वाचक तिसऱ्या ओळीला सोडून गेला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून चांगल्या वक्त्याकडून समोरच्या माणसाचं भान घ्यायचं, ते एक जमलं की शब्द आपोआप सुधारतात असा माझा अनुभव आहे. खालच्या सगळ्या स्टेप्स तेवढ्यासाठीच आहेत.

काय काय लागेल

- एक पूर्ण भाषण, शक्यतो ज्याचं रेकॉर्डिंग आणि छापील मजकूर दोन्ही मिळतं असं. दोन्ही नसेल तर एक चालेल
- साधी वही आणि दोन रंगांची पेनं
- इयरफोन, आणि स्पीड कमी करता येईल असं कुठलंही ॲप
- तुमचा स्वतःचा एक जुना लेख, पानभराचा, जो तुम्हाला पटलेला नाही
- घरातलं कोणीतरी, ज्याला दहा मिनिटं बसवून वाचून दाखवता येईल

भाषणं कुठे मिळतील? संविधान सभेतली सगळी भाषणं संसदेच्या वेबसाइटवर फुकट आहेत. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाने खंडांमध्ये छापलीत, मोठ्या वाचनालयात ते खंड असतात. गाडगेबाबांचं १९५६ साली वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात झालेलं कीर्तन, ते जाण्याच्या थोडंच आधीचं, त्याचं रेकॉर्डिंग सापडतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर असते, पहिली दोन मिनिटं कान बसत नाहीत, मग बसतात.

१. एकच भाषण घ्या, पण पूर्ण घ्या

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. आपण क्लिप बघतो. तीस सेकंदांची क्लिप म्हणजे टाळ्यांची जागा, आणि टाळी वाजायच्या आधी त्या माणसाने वीस मिनिटं काय मेहनत घेतली ते क्लिपमध्ये नसतं. लिहिणाऱ्याने शिकायचं ते त्या वीस मिनिटांतच आहे.

उदाहरण म्हणून बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण घ्या. मूळ इंग्रजीत आहे, मराठी अनुवादही मिळतो. दर २६ जानेवारीला त्यातला एकच तुकडा फिरतो, की राजकारणात आपल्याकडे समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण पाऊल टाकतोय. तुकडा जबरदस्त आहेच. पण भाषण तिथून सुरू होत नाही, आकड्यांनी सुरू होतं. ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा भरली, तेव्हापासून २ वर्षं ११ महिने १७ दिवस झाले, ११ अधिवेशनं झाली, १६५ दिवस काम चाललं, त्यातले ११४ दिवस मसुद्यावर गेले. मग अमेरिकेला किती वेळ लागला, कॅनडाला किती, ऑस्ट्रेलियाला किती. मग दुरुस्त्या, ७,६३५ सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या.

एवढे आकडे सुरुवातीलाच का? कारण बाहेर तेव्हा ओरड चालू होती की या लोकांनी फार वेळ लावला, जनतेचा पैसा घालवला. समोर बसलेल्यांच्या डोक्यात ती तक्रार बसलेली होती, आणि ती तिथे बसलेली असताना पुढचं काहीही आत शिरणार नव्हतं. म्हणून आधी तिचा निकाल लावला. मग श्रेय वाटलं, आणि तेही मोघम आभार मानून नाही, बी. एन. राव यांनी पहिला कच्चा मसुदा केला, एस. एन. मुखर्जी यांनी अवघडातले अवघड प्रस्ताव सोप्या कायद्याच्या भाषेत बसवले, असं कोणी काय केलं ते सांगून. आणि हे सगळं झाल्यावर, श्रोता पूर्ण मोकळा झाल्यावर, स्वतःचा प्रश्न टाकला, की २६ जानेवारी १९५० ला भारत स्वतंत्र देश होईल, पण त्या स्वातंत्र्याचं पुढे काय होणार? आपण ते पुन्हा घालवणार का? फिरणारा तो तुकडा याच्याही नंतर येतो.

हा क्रम मला कुठल्याही लेखनाच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडलाय. तुम्ही काही सांगायच्या आधीच वाचकाच्या मनात एक शंका असते, "हा कोण सांगणारा", "याला काय माहीत", "हे तर दहा वेळा वाचलंय", ती कुठली आहे ते ओळखा आणि आधी तिला उत्तर द्या. तुमचा मोठा मुद्दा थोडा थांबला तरी चालतो.

२. पहिल्यांदा नुसतं ऐका

वही बंद. पेन खाली. एकदा सलग ऐकायचं आणि एवढंच लक्षात ठेवायचं की आपलं लक्ष कुठे उडालं आणि कुठे परत आलं. ऐकून झाल्यावर त्या दोन-तीन जागांच्या वेळा लिहून ठेवा. दुसऱ्यांदा ऐकताना त्या जागांपाशी थांबून बघा तिथे वक्त्याने काय केलं, बहुतेक वेळा नाव, गाव, किस्सा किंवा प्रश्न आलेला असतो.

३. पाच मिनिटं हाताने उतरवा

ही स्टेप सगळे टाळतात आणि खरा फायदा इथेच आहे. पाचच मिनिटं, पॉज करत करत, जसं बोललंय तसं. "अं" आणि "म्हणजे" सकट. टायपिंग नको, हाताने, कारण हात हळू चालतो आणि वाक्य कुठे मोडलं, कुठे जोडलं हे त्या हळू चालण्यात दिसतं. आवाजावरून आपोआप मजकूर करून देणारी ॲप्स वापरू नका, ती वाक्यं सरळ करून टाकतात आणि आपल्याला वाकडीच हवी आहेत.

गाडगेबाबांचं कीर्तन यासाठी उत्तम. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. प्रश्न टाकायचा, समोरची मंडळी उत्तर देणार, त्या उत्तरावर दुसरा प्रश्न, आणि असं करत करत शेवटचं उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचं. उतरवून बघा, पान प्रश्नचिन्हांनी भरून जातं. स्वतःच्या तोंडून निघालेली गोष्ट माणूस नंतर नाकारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरं म्हणजे वस्तू. मुलांना शिकवा हे सांगताना त्यांनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही म्हटलं नाही. जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शिकवल्याशिवाय राहू नका, अशा अर्थाचं त्यांचं सांगणं घराघरात माहीत आहे. बघा त्यात काय आहे. ताट, भाकर, हात, लुगडं. ऐकणाऱ्याच्या घरात या चारही गोष्टी आहेत, त्यामुळे त्याला तिथे बसल्या बसल्या हिशोब करता येतो की ताट मोडलं तर किती येतील. "शिक्षणाला प्राधान्य द्यावं" या वाक्यावर कसला हिशोब करणार?

उतरवून झालं की एका रंगाने सगळे प्रश्न अधोरेखित करा आणि दुसऱ्या रंगाने हाताला लागणाऱ्या वस्तू. मग तुमचा जुना लेख काढून त्यावरही तेच करा. बहुतेकांच्या लेखात दुसरा रंग जवळजवळ दिसतच नाही. जाणीव, मूल्य, संवेदना, परिप्रेक्ष्य, वास्तव असे शब्द खच्चून भरलेले असतात आणि एकही भाकर नसते.

४. कोणाशी बोलतोय त्याचं नाव लिहा

वॉरन बफे हा अमेरिकेतला गुंतवणूकदार, बर्कशायर हॅथवे कंपनीचा. दरवर्षी तो भागधारकांना पत्र लिहायचा, आणि कंपनीच्या वार्षिक अहवालासारख्या रुक्ष जागेत छापलेली ती पत्रं शेअर बाजाराशी संबंध नसलेले लोकही आवडीने वाचायचे. १९९८ साली तिथल्या शेअर बाजार नियामकाने सोप्या इंग्रजीत कसं लिहावं याची एक पुस्तिका काढली, तिच्या प्रस्तावनेत त्याने आपली रीत सांगितली आहे. लिहिताना तो मनात धरतो की आपण डोरिस आणि बर्टी या आपल्या दोन बहिणींशी बोलतोय. दोघी हुशार, पण हिशोब आणि फायनान्स हा त्यांचा विषय नाही. शेवटी म्हणतो, तुम्हाला बहीण-भाऊ नसतील तर माझ्या बहिणी उसन्या घ्या.

हे तसंच्या तसं करा. कागदाच्या वर "प्रिय माई" किंवा "अरे दादा" असं एका खऱ्या माणसाचं संबोधन लिहा आणि मग लेख सुरू करा. लेख झाला की ती ओळ काढून टाका. माणूस निवडताना दोन गोष्टी बघा, तो हुशार असावा आणि तुमच्या विषयातला नसावा. हुशार नसलेला माणूस डोळ्यापुढे धरलात तर तुम्ही शिकवायला लागता, आणि विषयातला धरलात तर ज्ञान दाखवायला लागता. "सर्व वाचकांसाठी" असं काही नसतं.

५. मथळा तोंडाने म्हणून बघा

लोकमान्य टिळकांचे केसरीतले अग्रलेख तुम्ही वाचले नसतील तरी मथळे माहीत असतात. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून तिथला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ ला गोळी झाडली गेली, त्यात तो पुढे मेला, त्यानंतर सरकारने शहरावर जी दडपशाही सुरू केली त्यावर जुलैत अग्रलेख आला, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" पाच शब्द. पाठोपाठ "राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे". १९०८ सालचा "हे उपाय टिकाऊ नाहीत".

यातला एकही मथळा नुसत्या नामांची माळ नाहीये. सगळी पूर्ण वाक्यं आहेत आणि माणूस ओट्यावर बसून शेजाऱ्याला म्हणेल अशी आहेत. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" हे आपण घरात रोज म्हणतो, टिळकांनी ते उचललं आणि थेट ब्रिटिश सरकारला लावलं, म्हणून ते सव्वाशे वर्षांनीही तोंडात आहे. त्याच जागी "प्लेगोत्तर पुण्यातील शासकीय धोरण : एक चिंतन" असा मथळा असता तर? आजही दिवाळी अंकात निम्मे मथळे "एक चिंतन", "एक अवलोकन", "काही निरीक्षणे" असेच असतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण आत लेख चांगला असतो आणि दारावरच माणूस परत जातो.

टेस्ट सोपी आहे. मथळा मोठ्याने म्हणा. फोनवर मित्राला "अरे, मी लिहिलंय की..." असं सुरू करून पुढे मथळा जोडता आला तर ठीक. प्रश्नाचा मथळा असेल तर "अरे, मी विचारलंय की..." असं.

६. लांबीला घाबरू नका, पण शेवट वेगळा लिहा

टिळकांचंच अजून एक. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि ज्यूरीपुढे कित्येक दिवस मिळून २१ तासांच्या वर बोलले. कायद्याचे दाखले, शब्दांचे अर्थ, सगळं त्यात आहे. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांनी विचारलं काही म्हणायचंय का, तेव्हा ते दोन-तीन वाक्यंच बोलले, की ज्यूरीचा निकाल काहीही असो, मी निर्दोष आहे, माणसांच्या आणि राष्ट्रांच्या नशिबावर याहून मोठ्या शक्तींची सत्ता आहे, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा मी सोसण्यानेच हे कार्य वाढावं अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल. मुंबई हायकोर्टात आज ती वाक्यं संगमरवरावर कोरलेली आहेत.

२१ तास वाया गेले असं यातून काढू नका, तो बचाव अभ्यासक आजही वाचतात. लक्षात घ्यायचं ते हे, की शेवटी त्यांनी एकही युक्तिवाद परत उगाळला नाही. युक्तिवाद संपला होता, समोर आता पटवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून भाषाच बदलली. आपल्या लेखाच्या शेवटी आपण काय करतो? "थोडक्यात सांगायचं तर" म्हणून वरचे सगळे मुद्दे पुन्हा. तो परिच्छेद खोडा. शंभरातल्या नव्वद लेखांना तो लागत नाही.

७. वाईट बोलणाऱ्यांचाही अभ्यास करा

हे मी मुद्दाम सांगतो कारण बातम्यांमध्ये याचा मोफत पुरवठा आहे. कुठलीही दुर्घटना झाली की माइकपुढे कोणीतरी येतं आणि म्हणतं, "घटनेची गंभीर दखल घेण्यात आली असून चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत, दोषींची गय केली जाणार नाही, योग्य ती कारवाई करण्यात येईल." हे वाक्य वहीत लिहा आणि प्रत्येक क्रियापदाखाली तीन प्रश्न टाका. कोण? कधीपर्यंत? किती? एकाचंही उत्तर नाही. दखल कोणी घेतली माहीत नाही, आदेश कोणाला दिले माहीत नाही, आणि "योग्य ती" या दोन शब्दांत तर काहीही बसतं. या वाक्यातून माणूस गायब केलाय आणि तो विचारपूर्वक गायब केलाय, कारण नाव आलं की जबाबदारी येते.

अडचण अशी की ऐकून ऐकून ही भाषा आपल्याही हातात बसते. सोसायटीची नोटीस बघा, "सर्व सभासदांना कळविण्यात येते की पाण्याच्या टाकीची स्वच्छता करण्यात येणार असून सभासदांनी सहकार्य करावे." सहकार्य म्हणजे काय करायचं नक्की? त्याऐवजी "रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ टाकी धुवायची आहे, तेवढा वेळ नळाला पाणी येणार नाही, शनिवारी रात्रीच बादल्या भरून ठेवा" असं लिहिलं की कोणी सेक्रेटरीला फोन करत नाही. तुमच्या जुन्या लेखात "करण्यात", "जाते", "मानले जाते", "म्हटले जाते" शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कोण ते लिहा. कोण ते तुम्हालाच सांगता येत नसेल तर ते वाक्य राहू द्यायचं का याचा विचार करा.

८. स्टेजवरचं काय कागदावर चालत नाही

- तीच गोष्ट तीनदा सांगणं. सभेत कोणी उशिरा येतं, कोणाला ऐकू येत नाही, म्हणून वक्ता परत सांगतो. वाचक मागे जाऊन वाचू शकतो.
- आवाज. मध्येच थांबणं, खालचा सूर, हात वर करणं, हे कागदावर उतरत नाही आणि त्याच्या जागी तीन उद्गारचिन्हं टाकून तर अजिबात उतरत नाही.
- "सन्माननीय व्यासपीठ"चे लेखी भाऊबंद, म्हणजे "आजच्या धावपळीच्या युगात" किंवा "माणूस हा समाजशील प्राणी आहे" अशी सुरुवात. स्टेजवर त्या वेळात लोक खुर्च्या सरकवून बसतात, वाचकाला बसायला वेळ लागत नाही.
- दुसऱ्याची अतिशयोक्ती. आचार्य अत्र्यांची नक्कल करणारे पुष्कळ झाले. त्यांच्या बोलण्यामागे संयुक्त महाराष्ट्राची अख्खी चळवळ उभी होती, लोक पेटलेले होते, तेव्हा मोठ्यातला मोठा शब्दही लहानच वाटायचा. शांत बसून चहा पिणाऱ्या वाचकापुढे तोच शब्द फुगलेला दिसतो.

एक गोष्ट मात्र उतरते, मध्येच स्वतःला दुरुस्त करणं. गांधीजींची हत्या झाली त्या ३० जानेवारी १९४८ च्या रात्री नेहरू रेडिओवर बोलले तेव्हा आधी म्हणाले की आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला, आणि थोड्या वेळाने म्हणाले, प्रकाश गेला असं मी म्हटलं पण ते चुकीचं होतं, कारण हा प्रकाश साधासुधा नव्हता. लिहिणाऱ्याने असं एखादं वळण घ्यायला हरकत नाही, फक्त खरंच मत बदललं असेल तरच.

९. आवडत्या माणसावर थांबू नका

पहिलं भाषण आवडत्या नेत्याचं घ्या, चालेल. दुसरं मात्र ज्याची मतं तुम्हाला अजिबात पटत नाहीत त्याचं घ्या. आवडत्याचं ऐकताना आपण मान डोलवतो आणि त्याने काय केलं ते बघायचंच राहतं. न पटणाऱ्याचं ऐकून तरीही एखाद्या क्षणी तुम्ही हललात, तर ती कारागिरी आहे, तिथे थांबून बघा.

आणि अवतरणं वापरायची असतील तर जपून. फुले, टिळक, बाबासाहेब, विवेकानंद यांच्या फोटोखाली जी वाक्यं फिरतात त्यातली बरीच त्यांची नसतात. मूळ भाषणात किंवा खंडात वाक्य सापडलं नाही तर टाकू नका, एक खोटं अवतरण निघालं की वाचक तुमच्या खऱ्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही.

१०. आता जुना लेख काढा

भाषणं बाजूला ठेवा. जुना लेख घ्या, वर एका माणसाचं नाव लिहा, त्याची पहिली शंका काय असेल ती एका ओळीत लिहा आणि तिथून सुरुवात बदला. मथळा म्हणून बघा. "करण्यात येते" काढा. प्रत्येक परिच्छेदात निदान एक हाताला लागणारी वस्तू आहे का बघा. शेवटचा गोषवारा खोडा.

मग घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. कसं वाटलं विचारू नका, घरचे छानच म्हणतात. वाचताना त्यांच्याकडे बघा, मोबाइलकडे हात कुठे गेला त्या ओळीवर पेन्सिलने खूण करा आणि वाचत राहा. दुसऱ्या दिवशी फक्त खुणा केलेल्या जागा दुरुस्त करा, बाकीला हात लावू नका, आणि दुसऱ्यांदा वाचून दाखवताना दुसरा माणूस घ्या, पहिल्याला आता सगळं माहीत झालेलं असतं.